उत्तरेचा दगड

तीस वर्षं मी कराडला पिठाची गिरणी चालवली. ज्यानं गिरणीत काम केलंय त्याला ठाऊक आहे, अंग कितीही झटका, घरी आल्यावर भुवयांतून पीठ निघतंच. किस्स्यांचं तसंच असतं. आपण काही गोळा करायला जात नाही. चार माणसांत उठलं-बसलं की ते अंगाला चिकटून येतात.

मराठी मंडळातल्या बायका मला हळूच विचारतात, "इंदूमावशी, त्या तुमच्या शेजारणीकडं नक्की काय चालतं हो?" आवाज गोड, पण नजर अशी की मी येताना पदरात अंगारा बांधून आणलाय. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं, इंग्रजीसकट, मीच मला शिकवलं. तेव्हा चुका काढायच्या असतील तर थेट माझ्याकडं या, मास्तरांना बोल लावू नका.

आमचे हे गेल्यावर मी मुलीकडं, मेधाकडं, अमेरिकेत ॲन आर्बरला आले. ती इथल्या विद्यापीठात संशोधन करते. जावई समीर सॉफ्टवेअरवाला. हॉटेलातलं टेबल डगमगलं तर हा फोनमधल्या ॲपनं त्याची लेव्हल बघतो. मीही काही कमी नाही. आमच्या ह्यांनी भिंतीवर लावलेलं घड्याळ किंचित डावीकडं कलायचं. एकेचाळीस वर्षं रोज सकाळी मी ते सरळ करायचे आणि रोज त्यांना तसं सांगायचे. तराजूवर आयुष्य काढलेली बाई आहे मी. चुकलेलं दिसलं की सांगितल्याशिवाय घास उतरत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

*

पहिला मार्च होता माझा इथला. इथं मार्चमधला वसंत फक्त कॅलेंडरवर असतो. अंगणात जुना, धुळकट बर्फ आणि झाडं खराट्यासारखी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहते तर शेजारची कॅरल, माझ्याच वयाची बाई, मागच्या अंगणात झाडू मारतेय. काड्यांचा लांब दांड्याचा झाडू होता, पण जमिनीला टेकतच नव्हता. वीतभर वरून नुसती हवा झाडत ती गोल गोल फिरत होती.

दहा मिनिटं मी सोसलं. मग बूट चढवले आणि गेले.

"बाई, झाडू टेकत नाहीये," मी तिला सांगितलं. "कचरा कसा निघणार?"

"मी कचरा काढत नाहीये," ती हसत म्हणाली. "हिवाळा झाडून काढतेय. उदासी, जुनी भांडणं, असलं सगळं. संध्याकाळी आमचा सण आहे."

मी तिच्या हातातून झाडू घेतला आणि अंगण रीतसर झाडलं. सुकी पानं, काटक्या, कुत्र्याचा एक हरवलेला चेंडू, सगळं कोपऱ्यात. कॅरल कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग म्हणाली, "अठरा वर्षांत हिवाळा असा पहिल्यांदाच निघाला. संध्याकाळी याल?"

*

घरी खळबळ. मेधानं लगेच लॅपटॉप उघडला. "आई, ते लोक पेगन आहेत. म्हणजे चर्चच्या आधीचे देव, निसर्ग, चंद्र-सूर्य मानणारे. वर्षाला आठ सण करतात."

"मग? आपण किती करतो?"

समीर म्हणाला, "आई, त्यातल्या काही स्वतःला विच म्हणवतात. विच म्हणजे चेटकीण."

"समीर, मी बाई असून गिरणी चालवायला घेतली तेव्हा गावानं मला जे जे म्हटलं, त्यात चेटकीण हा सगळ्यात सभ्य शब्द होता."

गेले. पण जाताना प्रश्न घेऊन गेले, मी काही मुकाट्यानं प्रसाद खाणारी नाही. कॅरलला विचारलं, "तुमचा हा सण किती जुना?"

मला वाटलं, आता हजारो वर्षांच्या बाता ऐकायला मिळणार. आमच्याकडं तर कालच्या देवळालाही पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात. पण कॅरल प्रामाणिक निघाली. "वसंताचा आनंद जुना. ओस्टारा हे सणाचं नावही जुन्या देवीवरून घेतलंय. पण आम्ही जे करतो, त्यातलं बरंचसं हल्लीच जुळवलेलं आहे. आपल्या लहानपणी, तरुणपणी."

"म्हणजे तुमचा सण माझ्यापेक्षा धाकटा?"

"बहुतेक."

"मग त्याला माझ्या पाया पडायला सांग," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.

*

कॅरल मला नुसतं 'इंदू' म्हणते. आई, आजी, मावशी, काकू असं काही नाही. मला नुसत्या नावानं हाक मारणारी माणसं केव्हाच संपली होती. पहिल्यांदा तिनं हाक मारली तेव्हा मी मागं वळून पाहिलं.

*

सणाचं कारण असं की त्या दिवशी दिवस आणि रात्र समान. कॅरलनं हे दोन्ही हात तराजूसारखे धरून सांगितलं. तराजू म्हटल्यावर मी ऐकून घेते होय! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा बघितल्या, बोटांवर हिशेब केला आणि कुंपणापाशी गेले.

"कॅरल, तुमचं माप चुकतंय. कालचा दिवस रात्रीपेक्षा पाव तासानं मोठा होता. अगदी समान दिवस दोन-तीन दिवस आधीच होऊन गेला."

तिनं गळ्याभोवतीची शाल आणखी घट्ट केली, बर्फाकडं पाहिलं आणि म्हणाली, "इंदू, मिशिगनमध्ये मार्च महिन्यात जास्तीचा उजेड कुणी परत देत नाही."

*

मग अंड्यांचा किस्सा. त्या दिवशी म्हणे अंडं टोकावर उभं राहतं, कारण सगळी सृष्टी तोललेली असते. जेवणाआधी सगळी मंडळी टेबलाभोवती श्वास रोखून अंडी उभी करत बसली. टेस म्हणून एक नर्स आहे, जांभळ्या केसांची, तिशीची. तिचं अंडं उभं राहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी माळकरी घरातली. अंडं खात नाही, पण अंड्याशी माझं भांडणही नाही. माझंही उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र झोप लागेना. उभं राहिलं ते का राहिलं?

पुढचे पंधरा दिवस मी रोज करून पाहिलं. रोज उभं राहिलं. हात स्थिर हवा आणि घाई नको, एवढंच. एका साध्या मंगळवारी दुपारी मी ओट्यावर अख्खं डझन उभं केलं आणि कॅरलला बोलावलं. मेधा मागून खुणा करत होती, आई नको, त्यांना वाईट वाटेल.

कॅरलनं बाराही अंडी वाकून नीट पाहिली. "सुंदर," ती म्हणाली.

"सुंदर काय? हे कुठल्याही दिवशी होतं."

"माहीत आहे मला."

"मग?"

"एरवी कुठल्या दिवशी आम्ही सातजण अर्धा तास गप्प बसून दुसऱ्याच्या अंड्यासाठी श्वास रोखतो, इंदू?"

मी अंडी एकेक उचलून परत डब्यात ठेवली. त्या दिवशी समीरला रात्री जेवायला बारा अंड्यांची भुर्जी मिळाली. ती मेधानं केली.

*

त्या सणाला प्रत्येकजण अंड्याच्या कवचात माती भरून एक बी लावतो. वर्षभरात जे उगवावं असं वाटतं ते मनात म्हणायचं, कवच घरी खिडकीत ठेवायचं. आपल्या नवरात्रातल्या घटासारखंच. कुणी टोमॅटो लावला, कुणी झेंडू. मी घरून मेथी नेली होती.

तिसऱ्या दिवशी माझी मेथी वर. बाकीच्यांची कवचं दोन आठवडे तशीच. टेस मुद्दाम बघायला आली. हिरवे कोंब पाहून तिनं छातीवर हात ठेवला. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही काय पुटपुटला होता हो? आम्हाला शिकवाल?"

"आदल्या रात्री भिजत घातली होती," मी म्हटलं.

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

*

आता वॉल्टर. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी दगड सांगायला हवेत.

कॅरलच्या मागच्या अंगणात चार दिशांना चार दगड आहेत. मधोमध तीन पायांची जाडजूड लोखंडी कढई, तिच्यात विस्तव. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. सूर्य कलला की एकेका दगडापाशी एकेकजण उभं राहून आपल्या दिशेला हाक मारतो. मी पहिल्याच वर्षी हरकत घेतली होती की आमच्याकडं दक्षिणेला यम असतो, त्याला कुणी हाका मारून बोलावत नाही. टेसला ते फारच आवडलं. दक्षिण तिचीच. ती हात पसरून पाच मिनिटांची कविता म्हणते.

उत्तर वॉल्टरची. ऐंशी ओलांडलेला, उंच, कान झाकणारी टोपी घालणारा माणूस. दोन गल्ल्या पलीकडं एकटा राहतो. बायको जीन माझ्या येण्याआधीच वारली. तो कविता म्हणत नाही. गुडघ्यावर हात टेकत वाकतो, दगडावर तळवा ठेवतो आणि म्हणतो, "उत्तर. आम्ही आहोत इथं." झालं. सरळ होऊन मागं.

मी विचारलं, "एवढंच?"

"उत्तरेला थंडी असते," तो म्हणाला. "आटपतं घेतलेलं बरं."

असा माणूस मला आवडतो. माझ्यासाठी दर वेळी तो घडीची खुर्ची घेऊन यायचा, ठेवायचा आणि मी थँक्यू म्हणायच्या आत निघून जायचा.

*

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सणाच्या सकाळी कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं. आणि मला अप्पा आठवले.

माझे वडील, अप्पा, गवंडी होते. घराचा पाया आखायचा तर दिशा धरायला ते उघड्यावर एक काठी रोवायचे. सावलीच्या टोकावर खडा. थोड्या वेळानं सावली सरकली की पुन्हा खडा. मला सांगायचे, "इंदे, एरवी सावली वाकडी चालते. वर्षातले दोनच दिवस ती सरळ रेघेत चालते. त्या दिवशी खड्यांची रेघ म्हणजे थेट पूर्व-पश्चिम. राजा आला तरी ती हलायची नाही."

तो दिवस हाच. मला राहवेना. कॅरल आत अंडी रंगवत होती. तिला सांगून मी कढईच्या शेजारी काठी रोवली आणि खडे मांडायला लागले. दुपारपर्यंत दहा खडे झाले, ताणलेल्या सुतावर ठेवल्यासारखे सरळ. त्या रेघेवर अप्पा काढायचे तसा दोरीनं काटकोन काढला, तीन-चार-पाच गाठींचा, आणि उत्तरेकडं चालायला लागले. बारा पावलं गेले. दगड तिथं नव्हता. दगड होता तिथून दोन पावलं डावीकडं.

बाकीचे तिन्ही तपासले. सगळे तेवढेच फिरलेले. म्हणजे इतकी वर्षं ही मंडळी पूर्व समजून कॅरलच्या नळाला आणि दक्षिण समजून शेजाऱ्याच्या गॅरेजला हाका मारत होती.

मी कॅरलला बाहेर ओढून आणलं. "दिशा कुणी धरल्या होत्या?"

"जीननं. वॉल्टरच्या बायकोनं. होकायंत्र लावून अगदी नीट." तिनं ते आतून आणलंसुद्धा, पितळी, झाकणाचं.

"ते ठेवलं कुठं होतं, दिशा बघताना?"

"इथंच. मध्यावर." आणि कॅरलनं ते अगदी जपून कढईच्या काठावर ठेवलं.

लोखंडाच्या कढईवर! काटा कढईच्या बाजूला कलला. मी होकायंत्र उचलून लांब नेलं, काटा माझ्या दोरीकडं सरकला. पुन्हा कढईवर ठेवलं, पुन्हा फिरला. मला हसू आवरेना. एवढा पक्का पुरावा उभ्या आयुष्यात हाती लागला नव्हता.

"संध्याकाळी सगळ्यांसमोर दाखवते," मी म्हटलं. "दगड हलवायला माणसं लागतील."

कॅरल हसली नाही. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "इंदू, उत्तरेच्या दगडाखाली जीन आहे. तिची थोडी राख. तिनंच सांगून ठेवलं होतं, मी लावलेल्या दगडाखाली, बरोबर उत्तरेला. वॉल्टर दर सणाला तळवा टेकवतो तो..." तिनं होकायंत्राचं झाकण लावलं. "त्याला नको सांगूस."

"पण चुकलंय ते."

"हो."

त्या संध्याकाळी मी दीड तास जीभ दातांखाली धरून खुर्चीत बसले. वॉल्टर वाकला, तळवा टेकवला, म्हणाला, "उत्तर. आम्ही आहोत इथं." मी टेसच्या जांभळ्या केसांकडं बघत राहिले. घरी आले तेव्हा दाढ दुखत होती.

*

एक छोटा किस्सा. देवांना म्हणून केकचा पहिला तुकडा ते झाडाखाली ठेवतात. सगळ्यांची पाठ वळली की कॅरलचा कुत्रा तो खातो. वर्षानुवर्षं तोच खातोय, देहावरून कळतं.

कॅरल ओशाळून म्हणाली, "खरं तर असं व्हायला नको."

मी म्हटलं, "आमच्याकडं नैवेद्य दाखवणाराच खातो. तुमचा निदान दुसऱ्याच्या पोटात तरी जातो."

*

जीभ धरलेल्या त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. खडे उचलायचे राहिले होते. गेले तर तिथं वॉल्टर उभा. खुर्ची न्यायला आला होता, पण हात पाठीमागं बांधून माझी काठी, खडे आणि दोरी बघत होता. मी घाईघाईनं खडे उचलायला लागले. गिरणीचा पट्टा तुटला तेव्हाही एवढी घाई केली नव्हती.

"सावलीनं दिशा धरलीत?" त्यानं विचारलं.

"लहानपणचा खेळ आहे," मी म्हटलं. आयुष्यातलं पहिलं खोटं, आणि तेही किती कच्चं.

तो दोरीवरून सावकाश चालत गेला. टोकाशी थांबला. तिथून दगडाकडं पाहिलं. "किती फरक आला?"

आता काय लपवायचं? "बारा पावलांवर दोन."

तो जरा पुटपुटला. "साडेनऊ अंश. बरोबर आहे."

"बरोबर म्हणजे?"

"मी छत्तीस वर्षं जमिनीची मोजणी केली. तेच काम होतं माझं. शेतांच्या, रस्त्यांच्या हद्दी आखायचो."

"मग तुम्हाला हे..."

"त्याच संध्याकाळी कळलं होतं. सणाचाच दिवस होता. दगड ठेवून मान वर केली आणि सूर्य मावळताना दिसला. भलत्याच जागी."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? एक शब्द?"

वॉल्टरनं खुर्चीची घडी घातली, काखेत मारली.

"तिनं मला दगड उचलायला सांगितलं होतं," तो म्हणाला. "दिशा विचारली नव्हती."

आणि गेला.

मी घरी आले, मेथी निवडत बसले. दुपारी मेधाला एवढंच विचारलं, "बाबांनी लावलेलं ते घड्याळ कुठं आहे गं?"

"कराडच्या घरातच, भिंतीवर. का?"

"सरळ करायला तिथं कुणी नाही ना?"

"कोण असणार? घर बंद आहे."

"बरं झालं," मी म्हटलं.

मेधानं उठून माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

*

आता यंदाचा, शेवटचा किस्सा.

थंडीत वॉल्टर पडला. हाड मोडलं नाही, पण वॉकर आला. त्याची मुलगी चँडलरला असते, ॲरिझोनात. तिनं ठरवलं की बाबा आता एकटे राहणार नाहीत. मार्च संपायच्या आत न्यायचं. कॅरल त्याला म्हणाली, दगड खणून देऊ, माती आणि जे काही असेल ते सगळं, बरोबर घेऊन जा. तो नको म्हणाला. "तिनं जागा स्वतः निवडली होती."

सणाच्या आठ दिवस आधी तो आमच्या दाराशी आला. दोन गल्ल्या, वॉकरनं, निसरड्यावरून. आत यायला तयार नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "यंदापासून उत्तर तुम्ही सांभाळाल?"

"मी? टेसला द्या, कॅरलला द्या. मला तर खरी उत्तर कुठं आहे ते ठाऊक आहे."

"म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला.

सणाच्या दिवशी मेधा कॉन्फरन्सला गेली होती, म्हणून मला न्यायला-आणायला समीर. शेजारच्या अंगणात जायला मला माणूस लागत नाही, पण वॉल्टरला गाडीतून आणायचं होतं. समीर पहिल्यांदाच येत होता. दोन वर्षं ह्या मंडळींची टिंगल केलेला माणूस, आता टेसच्या कवितेला माना डोलवत होता. गारठा होता, पण आकाश मोकळं होतं. पूर्व झाली, दक्षिण झाली, पश्चिम झाली. वॉल्टर त्याच घडीच्या खुर्चीत बसला होता, दगडापासून चार हातांवर, टोपीचे कान खाली ओढून.

मी उठले. गुडघ्यावर हात टेकून वाकणार, एवढ्यात समीर हळूच माझ्याजवळ आला. हातात फोन.

"आई, एक मिनिट," तो मराठीत म्हणाला. "दगड चुकीच्या जागी आहे. नॉर्थ तिकडे आहे, त्या शेडच्या कोपऱ्याकडे. नऊ डिग्री ऑफ आहे. हे बघा." आणि सगळ्यांना दिसेल असा फोन माझ्यापुढं धरला. होकायंत्राचं चित्र त्यावर असं मोठं.

सगळे बघायला लागले. कॅरलचा चेहरा पांढरा पडला. वॉल्टरनं फोनकडं पाहिलं, मग आपल्या बुटांकडं.

"समीर, फोन खिशात घाल," मी म्हटलं. "तुझा फोन इथं नवीन आहे."

"अहो पण आई, खरंच नऊ डिग्री..."

"साडेनऊ. खिशात घाल."

त्यानं घातला.

टेसनं विचारलं, "काय म्हणतायत तुमचे जावई?"

मी तिला इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं. "तो म्हणतो, मी आत्ताच तपासलं. दगड अगदी बरोबर जागी आहे. तसूभरही इकडंतिकडं नाही."

मग वाकले. दगड बर्फासारखा गार होता. तळवा टेकवला.

"उत्तर," मी म्हटलं. "आम्ही आहोत इथं."

वॉल्टरनं टोपीचे कान वर केले. आधी समीरकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"जावई हुशार आहे तुमचा," तो म्हणाला.